काकूंचा व्हिसा

बँकॉकला प्रोजेक्टवर सात महिने काढून आलो, तेव्हापासून नातेवाइकांत मी थायलंडचा तज्ज्ञ झालो आहे. आधी प्रश्न असायचे मसाज आणि मार्केटचे. हल्ली साठीच्या आसपासचे काका लोक वेगळंच विचारतात: "तिकडेच जाऊन राहिलं तर रे?" आणि सोबत एक्सेल शीट पाठवतात. भाडं, जेवण, स्कायट्रेन, डॉक्टर, सगळं बाटमध्ये. शीट बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त ती एका माणसाची असते, आणि जाणार असतात दोघं.

नियमांचा सोपा भाग आधी. पन्नाशी झालेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या नावाने तिथे राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट (आजच्या दराने वीस लाख रुपयांच्या वर) किंवा महिना ६५ हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं. इथवर यूट्यूबवर सगळे सांगतात. पुढचं जरा घाईत सांगतात. ते ८ लाख नूतनीकरणाच्या अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत, आणि त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे ही बचत नव्हेच, घरमालकाकडे अडकलेलं डिपॉझिट समजा. अर्ध्या रात्री हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर ते पैसे नाहीत असंच धरायचं.

हे दर वर्षी करायचं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. भाचीच्या लग्नाला पुण्याला यायचं तर री-एंट्री परमिट आधी काढायचं, नाहीतर विमान उडालं की मुक्कामाची परवानगी संपली. आणि या मार्गावर वीस वर्षं काढली तरी कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. साठाव्या वर्षी हे सगळं गमतीचं वाटतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?

(जाता जाता: तिथल्या सरकारी कागदांवर बौद्ध सन असतो. इसवी सनात ५४३ मिळवायचे, २०२५ म्हणजे २५६८. आमच्या टीमच्या दोन रात्री या ५४३ ने खाल्ल्या आहेत. असो.)

आता काकूंकडे येऊ. बहुतेक जोडपी काकांच्या नावाने परवानगी काढतात आणि काकू ‘अवलंबून असलेली पत्नी’ म्हणून जातात. स्वस्त पडतं, दुसरे ८ लाख लागत नाहीत. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्या आईबाबांच्या पिढीत कित्येकांकडे फक्त लग्नपत्रिका आणि अल्बम असतो! पण ती अडचण सुटते. खरी अडचण वेगळी आहे. काका गेले की काकूंच्या परवानगीचा आधारच जातो. बँकेतलं खातं काकांच्या एकट्याच्या नावावर. बँकेला मृत्यू कळला की ते गोठतं, आणि थाई कोर्टाने वारसाचा कारभारी नेमेपर्यंत सुटत नाही. कागद थाई भाषेत. त्या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, बोलण्यात पाच सूर. दिवस कोणते, ते सांगायला नको. त्यात रोज सकाळी एटीएममधून पैसे काढायची सवयही काकांचीच असायची.

म्हणून माझं मत असं की काकूंचं वय बसत असेल तर त्यांची परवानगी स्वतंत्र काढावी, स्वतःच्या खात्यातल्या स्वतःच्या ८ लाखांवर. महाग आहे, मान्य. परवडत नसेल तर बँकॉक परवडत नाही असं मी म्हणेन. सोबत थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं, थाई वकिलाकडून केलेलं मृत्युपत्र हवं. आणि काकूंच्या नावावर सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढा पैसा भारतात, हात घालता येईल असा.

घर विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डो होतो, पण इमारतीतलं ४९ टक्क्यांपर्यंतचंच क्षेत्र परदेशी लोकांकडे जाऊ शकतं. भाड्याने राहावं. कराचंही बदललंय: वर्षात १८० दिवस राहिलात तर तुम्ही तिथले कर-निवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं की ते करपात्र धरतात. भारताशी दुहेरी कराचा करार आहे, तेव्हा पेन्शन आणण्याआधी सीएला गाठा.

शहर मात्र छान आहे हो. १९९९ मध्ये सुरू झालेली स्कायट्रेन अजून चकाचक. डाळी, मसाले पाहुरातला मिळतात. शाकाहारी असाल तर ‘जे’ हा शब्द पाठ करा, नाहीतर भाजीतही फिश सॉस येतो. ‘जे’मध्ये कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासवाल्यांची सोय! डिसेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा आपले लोक बघायला जातात, तेव्हा हवा सुखद असते पण धूरकटही. दम्यावाल्यांनी तेव्हाच राहून पाहावं, आणि एप्रिलमध्येही.

इथला फ्लॅट दोन नूतनीकरणं होईपर्यंत विकू नये, भाड्याने द्यावा. आणि दुसऱ्या नूतनीकरणाची फाईल काकूंनी एकटीने करून पाहावी: झेरॉक्स, बँकेचं पत्र, चेंग वत्तनाच्या ऑफिसातली रांग, सगळं. काकांनी खाली कॉफी पीत बसावं, वर यायचं नाही.