विमान दीड तासाचे, भेंडी मात्र दिवसाची

परवा दिघोरीच्या ग्रामपंचायतीत बसलो असता एका भेंडीवाल्या भावाने विचारले, "सायेब, नागपूरहून विमान दीड तासात मुंबईले जाते म्हणतात. मग आपला माल विमानानं काहून नाही पाठवायचा?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नागपूर-मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सातशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. रेल्वेने तेच ८३७ किलोमीटर पडते. जेट विमान तासाला आठशे किलोमीटर धावते, म्हणजे खरे उडणे तासाभराचेच. धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे आणि मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंत घिरट्या, असे धरून वेळापत्रकात दीड तास लिहितात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून मुंबईहून येताना थोडा वेळ वाचतो. नागपूरचे हे मध्यवर्ती ठिकाण जुन्या काळीही उपयोगी पडले होते. १९४९ सालापासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमाने रात्री येथेच भेटत व थैल्यांची अदलाबदल करीत.

पण भेंडी काही धावपट्टीवर उगवत नाही. सकाळी तोडणी, निवड, खोक्यात भरणे, मग साकोलीवरून नागपूर गाठायला तीन तास. विमानतळावर वजन, तपासणी, कागद यासाठी तीन-चार तास आधी माल लागतो. मुंबईत उतरवून वाशीच्या बाजारात न्यायचा तो वेळ वेगळाच. दीड तासाचे असे दहा-बारा तास होतात!

आता रस्ता पाहू. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. मोटारीला १२० ची मुभा असली तरी मालगाडीला ताशी ८० चीच मर्यादा आहे, म्हणजे नऊ तास. दिघोरीहून नागपूर आणि आमणेहून वाशी धरले तर चौदा तास. भाजीचा बाजार भरतो पहाटे. दुपारी निघालेली गाडी पहाटे पोचते. विमानाने माल संध्याकाळी पोचला तरी पहाटेचीच वाट पाहायची. शिवाय विमानाचे भाडे किलोवर, तेही हलक्या व जागा खाणाऱ्या मालाला आकारमान पाहून लावतात. ट्रकचे मात्र गाडीवर, चौघांनी मिळून भरली की वाटून जाते.

म्हणून मुंबईसाठी विमान नको, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी बाजाराची गोष्ट निराळी, तेथे ताज्या भेंडीला विमानाशिवाय चालत नाही. पण त्यासाठी व्हेजनेटवर शेताची नोंदणी, फवारणीची वही आणि औषधाचा अंश मर्यादेत पाहिजे. एकट्याचे हे काम नव्हे, गट पाहिजे.

धानाला तर विमानाचा विचारच नको. चिन्नोरला मानांकन मिळाले तरी तो पोत्यात महिनोन्महिने टिकतो, त्याला घाई कसली?

खरा वेळ आपल्या हद्दीतच जातो. तोडलेली भेंडी दुपारपर्यंत बांधावर उन्हात पडून असते, त्या चार तासांची भरपाई कोणतेच विमान करू शकत नाही. तोडणी उजाडताच करावी, माल लगेच सावलीत न्यावा, पुढे सात ते दहा अंशांत राहील असे पाहावे. समृद्धी भंडारा-गोंदियाकडे वाढविण्याचे शासनाने ठरविले आहेच. सरपंच व ग्रामसेवकांनी त्याची वाट पाहत न बसता गावात एक सावलीचे निवडशेड आणि लहानसे शीतगृह यासाठी ठराव घ्यावा. अर्जाचे कागद कोणते लागतात, ते मी दाखवीन.