घोरण्याचा दाखला

मी वाशीमची. दिवसभर डोळ्यांवर झापड, सकाळी डोके जड. घरच्यांचे निदान एकच: आळशी! डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा विमा कंपनीने नियम दाखवला. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेला: बीएमआय किमान ४०, नाहीतर ३५ आणि जोडीला ठरावीक आजारांपैकी एक, जसे तीव्र स्लीप ॲप्निया. माझा ३६.

तपासणीला माझी ना नाही. भूल देणाऱ्याला झोपेत अडकणारा श्वास कळलाच पाहिजे. पण 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत पुरुष असण्यालाच एक गुण! श्वास थांबलेला कुणी पाहिला का, हाही प्रश्न. बाईच्या उशाशी कोण जागते?

अकोल्याला जाऊन रात्रभर अंगाला तारा लावून निजले. श्वास तासाला २६ वेळा अडकला. 'तीव्र' ठरायला ३० लागतात. मंजुरी नाकारली. आता आणखी चारदा गुदमरायला शिकू?

बायकांचा श्वास बहुधा स्वप्नांच्या झोपेत जास्त अडकतो, म्हणून रात्रभराची सरासरी कमी दिसते. थकवा, डोकेदुखी, निद्रानाश मात्र खरेच असतात. मग आकड्याबरोबर हा त्रासही नियमाने मोजला पाहिजे.

आणि बायांनो, झापडीला आळस म्हणू देऊ नका. तपासणी मागा!