रानकवीचं रान, माझी बाल्कनी

परवा अण्णांचा फोन आला. "गिऱ्हाईक आलंय, दर बरा देतोय. तू आणि दादा काय ते ठरवा."

प्रश्न गावाकडच्या पाच एकर मुरमाड जमिनीचा होता. मी तेव्हा जुळे सोलापुरातल्या बाल्कनीत वाळलेल्या मोगऱ्याकडे बघत उभी होते. यंदाचा तिसरा! आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला काय सांगायचं?

कानात 'जैत रे जैत'ची गाणी चालू होती. १९७७चा सिनेमा, दिग्दर्शक आपल्या सोलापुरात शाळा शिकलेले जब्बार पटेल आणि गीतकार ना. धों. महानोर. 'निसर्गकवी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? धबधबा, झाडाखाली वही, एकदम वीकएण्ड रिसॉर्ट!

महानोरांचं तसं नव्हतं, बॉस. १९४२ साली अजिंठ्याच्या डोंगराजवळ पळसखेड्यात जन्म. कॉलेजला जळगावला गेले, पण वर्षभरातच शेतीवर परतले. पाऊस बेभरवशाचा, तरी त्यांनी फळबाग उभी केली. बागेतल्या सीताफळाला लतादीदींच्या नावावरून 'लताफळ' म्हटलं. 'रानातल्या कविता' आल्या १९६७मध्ये, म्हणजे पंचविशीत. आपल्याच वयात! पुढे विधान परिषदेत गेले, तिथेही शेती आणि पाण्यावर बोलले. 'शेतीसाठी पाणी' नावाचं पुस्तकही लिहिलं. १९९१ला पद्मश्री, २०००मध्ये 'पानझड'साठी साहित्य अकादमी पुरस्कार. ३ ऑगस्ट २०२३ला ते गेले.

त्यांच्या कवितेतला पाऊस नुसता रोमॅण्टिक नसतो. त्याच्यावर पेरणी अडलेली असते, म्हणून तो खरा वाटतो. आणि मी? मोगऱ्याचा फोटो स्टेटसला टाकला, पाणी घालायला मात्र विसरले.

अण्णांना "विकू नका" म्हणायचा मला काय हक्क? आमच्या विहिरीला आज पाणी किती, हेसुद्धा मला ठाऊक नाही. ज्यांनी त्या मुरमात तीस वर्षं घातली, त्यांना दर समजतो. मला फक्त आकडा समजतो.

शेवटी फोन लावला. "अण्णा, रविवारी येते. आधी बांधावरून एक चक्कर मारू, मग ठरवू."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ये. पण चपला नकोत, बूट घाल. काटे लई झालेत."