ज्वारीच्या मुळाशी

पाऊस लागून राहतो, वाफसा येत नाही, डवरा बांधावर पडून असतो आणि निंदणाला मजूर मिळत नाही. मग नागपूर जिल्ह्यातला कापूस उत्पादक पाठीवर तणनाशकाचा पंप घेतो. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. असा व्यावसायिक शिवारात कुणी पाहिला असेल तर कळवावे!

पर्याय घराजवळच आहे. ज्वारीच्या मुळांवरून सोर्गोलिओन नावाचा तेलकट थेंब पाझरतो आणि कोवळ्या तणाची वाढ खुंटवतो. ज्वारीच्या धाटांचा अर्क पाकिस्तानात गव्हातल्या तणावर वापरून पाहिला गेला. कापूस-सोयाबीनच्या नादात आपण मात्र ज्वारीच शेतातून घालवली. पावसाळ्यात आपण भाजीला खुडतो तो तरोटाही गाजरगवताला हटवतो. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी का, या निरीक्षणातून तर मक्यातले मेसोट्रिओन हे तणनाशक निघाले.

अर्थात, अर्क म्हणजे जादू नव्हे. तो कोवळ्या तणावर चालतो. हरळीच्या जमिनीखालच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी यांच्यापुढे हात टेकतो. शिवाय झाडपाल्याचे म्हणून सारेच निरुपद्रवी, हाही भ्रमच. म्हणूनच बाटलीवरच्या ‘जैविक’ शब्दावर भिस्त नको. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिने आणि कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या काळ्या रानात हे अर्क तपासावेत आणि मात्रा, खर्च व अपयशासकट निष्कर्ष पुढच्या पेरणीआधी मराठीत जाहीर करावेत.