जागा गेली

चीनमधून परत येऊन आता काही वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सर, तिकडे मुसलमानाला भाड्याने घर मिळतं का हो?" विचारणारा बहुधा पुण्यात किंवा मुंबईत घर शोधून थकलेला असतो. त्याला "मिळतं, कुणी धर्म विचारत नाही" एवढंच ऐकायचं असतं. बरेच दिवस मीही तेवढंच सांगत होतो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

2018 च्या ऑगस्टमध्ये मी शीआनला गेलो. शाळेत ह्युएनत्संग म्हणून ज्याचं नाव आपण पाठ केलं, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, तो याच शहरातून निघाला आणि इथेच परतला. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला मनोरा आजही उभा आहे. मी मात्र उलट्या दिशेने, पोटासाठी गेलो होतो. तिथल्या एका विद्यापीठात वर्षभर उर्दू शिकवायची होती. विद्यापीठाने राहायला दिलेली खोली एका माणसापुरती होती. ऑक्टोबरमध्ये बायको आणि मुलगी येणार होत्या, म्हणून बाहेर घर बघणं भाग होतं.

तिथे घर शोधायची रीत आपल्यासारखीच आहे. गल्लोगल्ली एजंटांची दुकानं, काचेवर घरांचे फोटो आणि भाडं लिहिलेले कागद. व्यवहाराला एक ठरलेला शब्द आहे, "या यी फू सान": एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. मला परवडणारं घर महिन्याला अडीच हजार युआनचं होतं. म्हणजे दहा हजार युआन, आपले जवळपास एक लाख रुपये, चावी हातात येण्याआधीच मोजायचे. एजंटची दलाली वेगळी. करार चिनी भाषेत. मला त्यातले फक्त आकडे वाचता येत होते.

विभागाने तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्यासोबत दिली होती. उर्दू सावकाश पण नेटकी बोलायची. पहिल्या दुकानात एजंटने तीन घरमालकांना फोन लावले. तिघांचंही उत्तर एकच: "वायगुओरन बू शिंग." परदेशी चालणार नाही. विद्यार्थिनीने खाली बघत अनुवाद केला, "सर, वो कहते हैं, मकान दे दिया गया."

मला हसू आलं. जागा गेली! पुण्यात नोकरी लागली तेव्हा महिनाभर हेच वाक्य ऐकत होतो. फोनवर घर रिकामं असायचं, नाव सांगितलं की ते तेवढ्यात कुणीतरी घेतलेलं असायचं. मुलीला म्हटलं, "बेटा, जसं बोलले तसंच सांग. मला सवय आहे."

मग तिने कारण सांगितलं. कायद्याने परदेशी माणसाला राहण्याच्या जागेची नोंद 24 तासांच्या आत पोलीस चौकीत करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे कागद लागतात, कधी त्याला स्वतः यावं लागतं. शिवाय भाड्याच्या उत्पन्नावर कर न भरणारे मालक पुष्कळ. चौकीत नाव गेलं की ते उघडं पडायची भीती. म्हणजे माझ्याशी कुणाचं वैर नव्हतं, माझ्यामुळे मागे लागणारी कटकट नको होती. हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दुकानातला एजंट पंचविशीतला होता. त्याने माझ्या दाढीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द मला कळला, "शिनच्यांग". हा माणूस शिनच्यांगचा आहे का? तिने तोंड उघडायच्या आत मीच दोन्ही हात हलवत म्हणालो, "नाही, नाही! यिंदू, यिंदू!" इंडिया. आणि पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

त्याचा चेहरा खुलला. "यिंदू! आमिर खान!" आदल्या वर्षी 'दंगल' तिथे तुफान चालला होता. त्याने पाणी मागवलं, मोबाइलमध्ये घरांचे फोटो दाखवले आणि संध्याकाळपर्यंत घर मिळालं. आमिर खानच्या पुण्याईवर मला घर मिळालं, आणि आमिर खानचा धर्म कोणता हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. ही गोष्ट मी घरी फोन करून हसत हसत सांगितली. हात हलवल्याची गोष्ट सांगितली नाही.

घर चांगलं होतं. इमारतीत चौथ्या मजल्याचं बटणच नव्हतं, तीननंतर थेट पाच, कारण चार आणि मृत्यू यांचे उच्चार चिनीत जवळपास सारखे. घरमालकीण साठीची, निवृत्त. सगळे तिला आयी म्हणायचे, म्हणजे मावशी, मग मीही म्हणू लागलो. स्वयंपाकघरातली तिची भांडी मी वापरणार नाही असं सांगताना मला संकोच वाटत होता. मुलीने "चिंगचन" एवढाच शब्द उच्चारला. हलालसाठी तिथे हाच शब्द आहे. आयीने मान डोलावली, भांडी पिशवीत भरली आणि स्वतःच्या घरी घेऊन गेली. शीआनमध्ये हुई मुसलमान शतकानुशतकं राहतात. त्यांची मोठी मशीद चिनी देवळासारखी आहे: उतरती छपरं, लाकडी खांब, आत अंगण आणि झाडं. त्या मोहल्ल्यात मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून खातात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मिरजेची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी आयी माझ्याबरोबर चौकीत आली. पोलिसाने पासपोर्ट पाहिला, करार पाहिला, शिक्का मारला. वीस मिनिटांत काम झालं. 15 नोव्हेंबरला शहरभरच्या हीटरच्या नळ्या तापल्या, त्या दिवशी आयी मुद्दाम वर येऊन प्रत्येक खोलीतल्या नळीला हात लावून गेली. माझी मुलगी आजही तिची आठवण काढते.

मग तक्रार कशाची? त्या "नाही, नाही"ची. शिनच्यांगमधून आलेला उइघुर त्याच दुकानात शिरला असता तर? तो त्या देशाचा नागरिक. त्याला व्हिसा लागत नाही, भाषा येते. तरी चीनच्या इतर शहरांत उइघुर माणसाला हॉटेलात खोली नाकारली जाते, भाड्याचं घर मिळत नाही, हे वर्षानुवर्षं प्रसिद्ध होत आलं आहे. मी आयीच्या घरात चहा पीत होतो त्या वर्षी शिनच्यांगमध्ये लाखो माणसं छावण्यांत डांबलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2022 च्या अहवालात त्याबद्दल गंभीर ठपका ठेवला. मला घर मिळालं ते मुसलमान असूनही नव्हे. मी तिथला मुसलमान नव्हतो म्हणून मिळालं. आणि मी ते जाणून होतो, नाहीतर हात इतक्या घाईने हलले नसते.

म्हणून "बाहेर कुणी धर्म विचारत नाही" हे आपलं आवडतं वाक्य मला आता पटत नाही. परदेशात आपण पाहुणे असतो. पाहुण्याला दार उघडलं यावरून घरातल्यांना कसं वागवतात ते कळत नाही.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. शीआनच्या घरमालकांना भीती पोलीस चौकीची होती. ती घालवणं त्यांच्या हातात नव्हतं. आपल्याकडे मुसलमानाला घर देऊ नका असा हुकूम कुठल्याही चौकीने काढलेला नाही. ते आपण आपल्या मर्जीने करतो. घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते येतात, भाड्याचं खासगी घर येत नाही. 2005 मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. कायद्यातली ही फट बुजली पाहिजे. पण "सोसायटी परवानगी देत नाही" हे जे ऐकवतात, ते तपासून बघा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. म्हणजे पुष्कळदा मालकच सोसायटीच्या आड उभा असतो.

इथे थांबलो तर लेख सोपा होईल. वाचकांपैकी अर्धे "बरोबर बोललात सर" म्हणतील. पण मिरजेला आमच्या घरावर भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत. मी कॉलेजात होतो तेव्हा एक नर्स विचारायला आली होती. केरळची, ख्रिश्चन, एकटी. खोल्या दोन महिने रिकाम्या होत्या. अब्बा दारातूनच म्हणाले, "जागा गेली, बेटी." ती पायऱ्या उतरून गेली. अब्बा वाईट नव्हते. मोहल्ला काय म्हणेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी तिथेच खुर्चीत पुस्तक धरून बसलो होतो, एक शब्द बोललो नाही.

आपल्या मोहल्ल्यांतून आजही हे चालतं. मसलक कोणता, बिरादरी कोणती, बिहारी आहे का, नवऱ्याने सोडलेली आहे का, आडनावावरून जात कुठली. आपल्याला घर नाकारलं की ती फिर्याद असते, आपण नाकारलं की ती "घरची पद्धत" असते.

अब्बा आता नाहीत. खोल्या मी बघतो. गेल्या वर्षी एक दलित कुटुंब आलं, नवरा एमआयडीसीत, बायको अंगणवाडीत. अम्मीने मला आत बोलावून हळूच विचारलं, "लोक क्या बोलेंगे?" मी म्हटलं, "विचारतील तेव्हा बघू." बाहेर येऊन त्यांना दोनच प्रश्न विचारले: माणसं किती, आणि पाणी सकाळी सहाला येतं, चालेल का?

चालेल म्हणाले. पहिल्या आठवड्यात अम्मी पायऱ्यांपाशीही गेली नाही. आता गुडघे दुखत असतानाही वर जाऊन बसते.