काट्यावर बोलतो, दवाखान्यात गप्प का?



कापसाच्या काट्यावर व्यापाऱ्याने दोन किलोची कटती धरली, तर आज आपल्यातला साधा माणूसही गाडी अडवून विचारतो, "ही कटती कशाची?" चळवळीने एवढे तरी शिकवले. पण तोच माणूस, घरचे कोणी दवाखान्यात पडले की टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा राहतो. तीन दिवस काही विचारत नाही. चौथ्या दिवशी काही बरेवाईट झाले की काच फोडतो. गप्प बसणेही वाया आणि काच फोडणेही वाया.

गेल्या खरिपात माझ्या चुलतभावाला फवारणीत विष लागले. पऱ्हाटी छातीपर्यंत आलेली, वारा समोरून, पंप पाठीवर. संध्याकाळी अंग घामाने चिंब, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जीपमध्ये आम्ही अकरा जण बसलो. औषधाचा डबा मात्र धुऱ्यावरच राहिला. अंगावरचे भिजलेले कपडेही कोणी काढले नाहीत.

डॉक्टरांनी विचारले, कोणते औषध? अकरा जणांनी चार नावे सांगितली. कसे झाले? घाईत एक जण बोलून गेला, "विष घेतलं." तेच केसपेपरवर चढले. 'लागलं' आणि 'घेतलं' यात एका शब्दाचा फरक, पण दुसऱ्या दिवशी पोलिसाने येऊन वहिनीला खाटेशीच विचारले, "घरात भांडण झालं होतं काय?" नवरा शुद्धीवर नाही आणि बाई जाब देते आहे. माणूस गेला असता, तर त्या एका शब्दाने अपघाताच्या सरकारी मदतीचे २ लाखही अडकले असते. ही मदत फवारणीच्या विषबाधेला मिळते, आत्महत्येला मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ उठून बसला, चहा मागू लागला. लगेच आमच्यातले शहाणे म्हणाले, सुट्टी घ्या, निंदण पडले आहे. वॉर्डातल्या वयस्क सिस्टरने वाट अडवली. तिने साध्या शब्दांत सांगितले, या जातीच्या विषात माणूस सुधारल्यासारखा दिसतो आणि एक ते चार दिवसांच्या आत छातीचे स्नायू थकून श्वास बंद पडू शकतो. आम्हाला वाटले, बाई खाट सोडत नाही. त्याच रात्री त्याचा श्वास अडला आणि त्याला मशीनवर घ्यावे लागले. गावी नेला असता तर वाटेतच गेला असता. आज तो शेतात आहे, तो त्या सिस्टरच्या हट्टामुळे.

२०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा कंपनी, दुकानदार, सरकार यांच्यावर पुष्कळ बोलले गेले आणि ते बोललेच पाहिजे. पण खाटेशेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाने काय करायचे, हे आपण एकमेकांना अजून शिकवलेले नाही.

माझे म्हणणे असे. औषधाचा डबा माणसासोबत गेलाच पाहिजे. त्याच्या लेबलवर विषाचे नाव आणि उतारा छापलेला असतो. निघण्यापूर्वी भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, पण त्यासाठी गाडी खोळंबू देऊ नका. १०८ ची गाडी फुकट येते. दवाखान्यात बोलणारा माणूस एकच ठेवा आणि रोज तोच ठेवा. बहुधा ते माणूस म्हणजे त्याची बायको किंवा आई असते, कारण किती वाजता फवारले आणि आधी कोणता आजार होता हे तिलाच ठाऊक असते. आपण पुरुषमंडळी तिलाच मागे ढकलतो.

डॉक्टरांच्या राउंडला चार प्रश्न विचारा. काल होता त्यापेक्षा आज कसा आहे? कोणते औषध कशासाठी चालू आहे? पुढे भीती कशाची आहे? आम्ही काय करायचे आणि काय करायचे नाही? उताऱ्याच्या इंजेक्शनने माणूस बरळतो, हातपाय झाडतो, तोंड कोरडे पडून पाणी मागतो. हात बांधलेले पाहून आपण भडकतो, चोरून पाणी पाजतो आणि ते पाणी श्वासनळीत जाते. आधी विचारले तर हे टळते.

आणि कोणी खरेच विष घेतले असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. काय, किती आणि केव्हा, हे कळले तर माणूस वाचतो. गुन्हा लागेल ही भीती आता धरू नका. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा करणारे जुने कलम २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यात ठेवलेले नाही. कर्जाने जो खचला, त्याला लाजायचे कारण नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टर बोलतच नाहीत. खरे आहे. रात्री एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, ती कोणाकोणाशी बोलणार? पण रिकाम्या जागा तिने ठेवलेल्या नाहीत, सरकारने ठेवल्या आहेत. तिच्यावर हात उगारणाऱ्याला २०१० च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद आहे. तो कायदा नसता तरी, आपल्यासारखीच राबणारी बाई मारून कोणता न्याय मिळणार? राग न्यायचाच असेल तर कलेक्टर कचेरीवर न्या. फवारणी सुरू होण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात उतारा आणि श्वासाचे मशीन आहे की नाही, याचा लेखी जबाब मागा. केसपेपरच्या नकला मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

या जिल्हा बैठकीत माझी एकच सूचना आहे. प्रत्येक गावाने एक बाई आणि एक पुरुष असे दोघे नेमावेत. गावातले कोणीही दवाखान्यात गेले की जीप भरून न जाता या दोघांनी घरच्यांसोबत जावे. केसपेपर वाचावा, प्रश्न विचारावेत, रात्री घरच्यांना झोपू द्यावे. बाकीच्या नऊ जणांनी गावात राहून त्याचे निंदण उरकून द्यावे. आजाऱ्याला भेटण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.