बुडालेले अधिक पापी होते काय?

२०२५ सालच्या २६ मे रोजी मोसमी पावसाने मुंबई गाठली. गेल्या ७५ वर्षांत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. हिंदमाता, दादर, परळ येथील रस्ते नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेले. वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता. त्यातही पाणी शिरले. पाण्यामागोमाग मोबाईलवरील संदेशांचाही पूर आला. जगात पाप वाढले म्हणून देव कोपला, असा त्यांचा मथितार्थ होता. काहींत नोहाच्या तारवाचे चित्र होते, काहींत सदोम व गमोरा यांचा उल्लेख होता. हे संदेश आपल्या धर्मग्रामांतील भाविकांनीच मोठ्या श्रद्धेने एकमेकांना पाठविले होते. म्हणूनच त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर काही दिवसांनी मध्य मुंबईतील एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. त्या घरचा कर्ता मुलगा उपनगरातील कामावरून पायी परतताना वाहून गेला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा दाराशी येऊन हळूच म्हणाली, "फादर, आमचं काय चुकलं? लोक म्हणतात, घरात कुणाच्या तरी हातून काही घडल्याशिवाय असं होत नाही." मुलगा गेल्याचे दुःख तिला होतेच, त्यावर कोणीतरी अपराधाचा धोंडाही ठेवला होता. 'देवाचा कोप' हे दोन शब्द बोलणाऱ्याला हलके वाटतात. ते कोणाच्या उरावर जाऊन बसतात, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

या समजुतीची एक साधी परीक्षा घेऊ. त्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र अवघा ७३ मिलिमीटर. पाऊस जर पापाच्या मापाने पडत असेल, तर कुलाबा-गिरगावची माणसे सांताक्रूझ-कुर्ल्याच्या माणसांपेक्षा जवळजवळ तेरापट पुण्यवान ठरतील! गिरगावात राहणारा कोणीही प्रामाणिक माणूस हा निष्कर्ष मान्य करणार नाही.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. त्या रात्री लालबाग-परळच्या गणपतींच्या मिरवणुका गिरगाव चौपाटीच्या वाटेवर होत्या. तिकडे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावकरी विसर्जन आटोपून झोपी गेले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. एकाच रात्री, एकाच भक्तिभावाने सण साजरा करणाऱ्यांपैकी एक वाचला व दुसरा गेला. हा भेद पापपुण्याने केला नव्हता. मातीत रचलेल्या दगडांच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या.

आपल्या श्रद्धेच्या अगदी जवळचे उदाहरण वेलंकनीचे आहे. मुंबईतील कितीतरी कॅथॉलिक कुटुंबे तेथे यात्रेला जातात. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्सुनामीची लाट तेथे आली. महामंदिरात पाणी शिरले नाही, हे आपण चमत्कार म्हणून सांगतो. आत वाचलेल्यांनी देवाचे आभार मानले ते योग्यच. परंतु किनाऱ्यावर जे शेकडो यात्रेकरू मरण पावले, तेही त्याच मातेच्या दर्शनाला आले होते. वाचलेल्यांचे पुण्य सांगताना गेलेल्यांवर नकळत पापाचा शिक्का बसणार नाही, एवढे भान आपण राखले पाहिजे.

आपत्तीत देवाचा कोप पाहण्याची ही खोड कोणा एका धर्माची वा केवळ अडाणी माणसांची नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे भूकंप झाला. चर्चेस भाविकांनी भरलेली असताना त्यांची छपरे कोसळली. तरीही दुसऱ्याच वर्षी मालाग्रिडा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने पुस्तिका लिहून या संहाराचे कारण लिस्बनवासीयांचे पाप हेच होय, असे प्रतिपादन केले. आपल्या देशात १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली दैवी शिक्षा आहे, असे साक्षात महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर विरोध केला व गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' पत्रात प्रामाणिकपणे छापला. अस्पृश्यता हे पाप आहे, याविषयी दोघांचे दुमत नव्हते. टागोरांचा आक्षेप असा की, हेच शस्त्र गांधीजींचे विरोधकही उचलू शकतील व अस्पृश्यतानिवारणामुळेच देव कोपला, असे म्हणू शकतील. हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे. आपत्तीचा अर्थ सांगणारा प्रत्येक जण आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचे पाप देवाच्या तोंडी घालतो. स्वतःच्या पापामुळे पूर आला, असा संदेश आजवर आमच्याकडे कोणी पाठविलेला नाही.

येथे वाचक विचारतील, पवित्र शास्त्रातच जलप्रलय नाही काय? आहे. परंतु ती कथा तारवापाशी संपत नाही. ती इंद्रधनुष्यापाशी संपते. पृथ्वीचा पुन्हा पाण्याने नाश करणार नाही, असा करार परमेश्वर तेथे सर्व प्राणिमात्रांशी करतो. तारवाचे चित्र पाठविणारे हे इंद्रधनुष्य विसरतात. ईयोबाचे मित्र त्याला हेच पटवू पाहत होते की, तुझी मुले मेली त्याअर्थी कोठेतरी पाप झाले असलेच पाहिजे. ग्रंथाच्या शेवटी देवाचा रोष ओढवतो तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. संत योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

सर्वांत स्पष्ट उत्तर संत लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभू बजावतो. आणि लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे आवाहन करतो. म्हणजे तो पापाचा विषय टाळत नाही. तो बोट वळवितो. मेलेल्यांकडे रोखलेले बोट तो जिवंतांकडे नेतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात ईयोबाच्या आधारे हेच शिकविले आहे: काही दुःख अपराधातून येते हे खरे, पण प्रत्येक दुःख ही शिक्षाच असते हे खरे नाही.

मग आपत्तीचा आणि पापाचा काही संबंधच नाही काय? आमच्या मते आहे, आणि तो मोबाईलवरील संदेशांत सांगितला जातो त्याहून अधिक गंभीर आहे. पाऊस हा निसर्ग होय. पूर हा पुष्कळदा आपला. बेटांमधील खाड्या बुजवून हे शहर वसले आणि हिंदमाता परिसर बशीसारखा सखल राहिला. ब्रिटिश काळातील पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करावी, अशी शिफारस १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने केली होती. २००५ चा पूर येईपर्यंत तो बव्हंशी कागदावरच राहिला. गिरणगावच्या जमिनींचे काय झाले? १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरणीच्या जागेचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याने वैध ते सर्व नीतीच्या तराजूत पुरे भरतेच असे नाही. पाण्याला जिरण्यासाठी आणि मुलांना खेळण्यासाठी परळ-लालबागला मिळू शकली असती ती मोकळी जागा हातची गेली.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात घरी चालत निघालेले मुंबईतील एक नामवंत डॉक्टर एल्फिन्स्टन परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. बरोबर एक महिन्याने, २९ सप्टेंबरला, सर आली म्हणून एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर माणसे थबकली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. हा आपला शिलोहाचा बुरूज. सर आकाशातून आली होती. अरुंद पूल आकाशातून आला नव्हता.

आमचे म्हणणे एवढेच की, येथे पाप होते, पण ते मेलेल्यांचे नव्हते. नाल्यावर भराव टाकणारा एक, त्याकडे डोळेझाक करणारा दुसरा, त्याच नाल्यात प्लास्टिकची पिशवी भिरकावणारे आपण सारे. आणि पाणी शिरते ते चाळीच्या तळमजल्यावरील वृद्धेच्या खोलीत. न्यायी देवाची शिक्षा अपराध्याला चुकवून निरपराध्याच्या घरात शिरत नाही. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी येते, त्याला आपल्या धर्माच्या भाषेत अन्याय म्हणतात. त्या अन्यायाला 'देवाची करणी' म्हटले की खरा अपराधी सुटतो, मृताची बदनामी होते आणि देवावर खोटी साक्ष दिली जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले, त्याचे मर्म हेच आहे.

तर मग संकटकाळी प्रार्थना करू नये काय? अवश्य करावी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा घबराटीने अफवांना ऊत आला. ऑक्टोबर महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले; त्याचा सूड रुग्णालयात उगविला जात आहे अशी आवई उठली, आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. कोपाची भीती माणसाला उपचारापासूनही पळवून लावते. त्याच काळात आपल्या पूर्वजांनी वाड्या-वस्त्यांतून क्रूस उभारले. गिरगावच्या खोताच्या वाडीतील क्रूस आजही त्याची साक्ष देतो. तो क्रूस प्लेगने मेलेल्या शेजाऱ्याला पापी ठरविण्यासाठी उभारलेला नाही. तो विनवणीचा आणि कृतज्ञतेचा क्रूस आहे. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपण बनविलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. त्यांच्या मृत्यूला शिक्षा म्हणण्याची कोणाची छाती होईल? पुढे हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील धर्मसंघीयांचा मठ व चर्च होती. जेथे एके काळी मिस्सा होत असे, तेथे लस तयार होऊ लागली. यात आम्हांला विसंगती दिसत नाही. एकाच करुणेची ती दोन रूपे होत.

पुढचा पावसाळा येईल, हिंदमाताला पाणी तुंबेल आणि कोपाचे संदेशही येतील. ते पुढे धाडण्यापूर्वी, ते एखाद्या दुखावलेल्या घरात वाचले जातील याची आठवण ठेवावी. पापांची उजळणी करावयाची असेल तर ती आपल्यापासून करावी: आपला कचरा, आपल्या सोसायटीचा नाला, निवडणुकीतील आपले मत, धर्मग्रामाच्या सभेत आपण बाळगलेले मौन. परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने पावसाचे पाणी साठविण्यासाठी टाकी बांधली आहे. ती वेळेवर रिकामी होते की नाही, हे विचारणे हेदेखील भक्तीचेच काम आहे.

त्या आईला आम्ही त्या दिवशी दाराशीच उत्तर दिले होते. तेच आज सर्व वाचकांसमोर पुन्हा सांगतो: बाई, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते आम्हां जिवंतांचं. आणि तुमचा मुलगा बुडत होता तेव्हा देव शिक्षा देणाऱ्याच्या जागी नव्हता, तो त्याच्याबरोबर पाण्यात होता.